लाँड्रीची उत्तर भिंत

अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहरापासून वीस मैलांवर, मक्याच्या शेतांमध्ये, एका कारखानदाराने शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या जमीनदारांसारखं घर बांधून घेतलं होतं. मागच्या चौकात तबेला, दूधघर आणि नोकरमाणसांची लाँड्री. निवृत्त डॉक्टर पुरुषोत्तमकाकांनी ते विकत घेतलं आणि लाँड्रीची बैठी इमारत राहण्याजोगी करायचं काम आर्किटेक्ट म्हणून मला दिलं. वसुधाकाकूंना विस्मरणाचा आजार जडला होता. त्यांना जिने नसलेली जागा हवी होती.

घराबरोबर जुने नकाशेही आले. १९३१ साली कुणा आर्किटेक्टने याच इमारतींत बदल सुचवले होते. लाँड्रीच्या उत्तर टोकाला त्याने सहा फुटांची एक खोली दाखवली होती, पण तिला दार काढलेलं नव्हतं. मी लेझरने मापं घेतली. भिंतींची जाडी धरूनही इमारत बाहेरच्या मापापेक्षा आतून सहा फूट कमी भरत होती.

काकू उत्तरेच्या भिंतीपाशी खुर्ची ओढून बसायच्या. पलीकडे बायका काम करताहेत, असं सांगायच्या. काका हसून विषय बदलायचे.

जानेवारीत आम्ही भिंतीला माणूसभर उंचीचं भगदाड पाडलं. पलीकडे थेट बर्फाने भरलेलं शेत. बाहेरून पुन्हा मापलं, तर इमारतच पहिल्या मापापेक्षा सहा फूट आखूड. आधी माझंच चुकलं असणार, असं म्हणून मी काकांची माफी मागितली आणि विटा परत लावून घेतल्या.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, काकूंना लाँड्रीत बसवून काका चहा आणायला मोठ्या घरात गेले. दहा मिनिटांत परतले तर काकू नव्हत्या. ताज्या बर्फात त्यांची पावलं लाँड्रीकडे येताना दिसत होती, बाहेर जाताना नाही. पोलिसांचा कुत्रा भिंतीसमोर बसला तो उठेचना.

मी भिंत पुन्हा फोडायला लावली. पुन्हा बर्फच. थंडी आत येत होती, म्हणून संध्याकाळच्या आत ती बंद करून घेतली.

महिनाभर शोध चालला. मग थांबला.

मार्चमध्ये मी काम सोडते म्हणून सांगायला गेले. काका भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. कपडे लोंबत होते अंगावर.

"प्रीता, तिला खिडकी हवीय," ते म्हणाले. "तेवढी ड्रॉ करून दे."

"काका, पलीकडे शेत आहे. आपण दोघांनी पाहिलंय."

"दुसऱ्यांदा फोडलीस तेव्हा ती तुझ्यासमोरच उभी होती. हाका मारत होती. तू तिच्याकडे बघतच विटा लावायला सांगितलंस."

त्यांचं मन राखायला म्हणून मी कागद घेतला आणि जमिनीपासून तीन फुटांवर एक खिडकी काढली.

काकांनी भिंतीला कान लावला. बराच वेळ ऐकत राहिले.

"खाली घे अजून," ते म्हणाले. "आता तिला उभं राहता येत नाही."