गुरुवारचं तेल

दार लोटून घ्या रे, खिंडीवरचा वारा आत येतोय. बर्फ काही उद्याही हटायचं नाही, तेव्हा झोपायची घाई कुणालाच नको. आणि मुराद, तू आत्तापासून दात काढू नकोस. ही ऐकीव गोष्ट नाही. नियत शाहबरोबर खिंडीपलीकडे काशगरच्या हॉटेलात एकाच खोलीत राहिलोय मी. त्याच्या बाबतीत घडलं ते सांगतो.

नियत खिंडीअलीकडच्या आपल्या गोजालचाच. वीस वर्षं काशगरात जर्दाळू आणि रंगीत खडे विकले. बायकोही तिथलीच केली, पातिगुल. बाई फटकळ, पण हाताला चव. नियत म्हणायचा, "भांडून जेवायला बसलो, तर दुसऱ्या घासाला भांडण कशावरून ते आठवत नाही." तिथे राहायच्या परवान्यापायी दर हिवाळ्यात त्याला इकडे यावं लागे. असाच एकदा आला, आणि मागून तिचा फोन. "आता फोन करू नकोस." एवढंच. मग नंबर बंद. मग खिंडही बंद झाली ती काही वर्षं उघडलीच नाही.

उघडली तेव्हा पहिल्याच गाडीत नियत होता. बघतो तर घराला कुलूप, कुलपावर सरकारची कागदी मोहोर. घरातलं माणूस उचलून नेलं की लावतात ती. पातिगुल कुठे, म्हणून विचारावं तर शेजारी रस्ता ओलांडून पलीकडे जात. जिवंत आहे की गेली, एवढंही कोणी सांगेना. माणसं वाईट नाहीत रे ती. बोलणाऱ्याच्या दारालाही मोहोर लागते, म्हणून गप्प.

तिथला रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. गुरुवारी रात्री कढई चढवायची, तेल कडकडीत तापवून त्यात पोळी तळायची. आपली गेलेली माणसं त्या रात्री दाराशी येतात आणि त्यांना पोचतो तो फक्त वास. मी एकदा नियतला म्हटलं, "तिच्या नावाने तळ एखादी." अंगावरच आला तो. "जित्या बाईच्या नावाने तळू, चाचा?" पुन्हा विषय काढायची माझी टाप नव्हती.

तर गेल्या वर्षी, ऑक्टोबरची सतरा तारीख, गुरुवार. तिथे सरकारी घड्याळ दोन तास पुढे असतं; त्यात रात्रीचे अकरा, गल्लीच्या घड्याळात नऊ. नियत जर्दाळूंची पिशवी घेऊन निघाला. त्याच्या घरासमोर तुर्सुनाय आपा राहते, तिला द्यायची होती. म्हातारी बोलत नसे, पण पिशवी घेई. तेवढंच नातं उरलेलं. मी म्हटलं, "टोपी घाल." "हा आलोच," म्हणाला.

गल्लीत कुठूनच तेलाचा वास नव्हता. हल्ली कोणी तळत नाही, उगाच कोणाच्या डोळ्यावर यायला नको. चालता चालता त्याला एकाएकी वास आला. ताज्या, कडकडीत तेलाचा. त्याच्याच घरातून.

आली! सोडलं तिला, घरी आली! पिशवी टाकून धावला तो. दाराला कुलूप तसंच. मोहोर तशीच. पण आत कढई चरचरत होती.

"पातिगुल! अगं, दार उघड!"

चरचर थांबली.

"...कोण?"

तिचाच आवाज. जरा बसलेला.

"मी. नियत."

मग अगदी दाराजवळून...

"आलास? ...वास पोचला म्हणायचा."

नियत दारापासून एक पाऊल मागे सरला.

"असं काय बोलतेस गं?"

"खिंडीत दरड कोसळली, त्यात तू गेलास, असं सांगितलं मला. तेव्हापासून तळते. एक गुरुवार चुकवला नाही. मला ठेवलं होतं तिथे तेल कुठलं... तिथे मनातल्या मनात तळलं."

"मी मेलो नाही! जिवंत आहे मी!"

"आई म्हणायची, गेलेल्यांना ते ठाऊकच नसतं." थांबली. "खा. गार होईल."

रडायला लागला तो. दाराच्या दोन फळ्यांत फट होती. त्यातून हात आत घातला. "हा बघ. धर. धरून बघ ना..."

आत झारा हलला. एक थेंब मनगटावर पडला. उकळता.

"आई गं!"

आत झारा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"...भाजलं तुला?"

"भाजलं ना!"

"भाजलं..." ती म्हणाली. "भाजलं? ...म्हणजे तू..."

हुंदका आला. की हसली... नियतला आजही सांगता येत नाही. वास गेला. कधी नव्हताच असा.

हात बाहेर काढून तो वळला. तुर्सुनाय आपा तिच्या दारात उभी.

"आपा, आत कोण आहे?"

म्हातारीने गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग दोन्ही तळवे उचलले... आणि चेहऱ्यावरून सावकाश खाली फिरवले. गेलेल्या माणसासाठी फातिहा पढून झाल्यावर आपण फिरवतो तसे. आत गेली, दार लावून घेतलं.

ती आहे, एवढ्या आशेवर माणसाने इतकी वर्षं काढली होती रे. ती आशा कशी संपावी, तर अशी.

खोलीवर आला, बूटसुद्धा न काढता बसून राहिला. पहाटेपर्यंत तुटक तुटक सगळं सांगितलं. उजाडल्यावर मी म्हटलं, "बाही वर कर, भाजलंय ते बघू दे."

त्याने बाही वर केली.

मनगटावर कणीक थापलेली होती. तिथल्या बायका भाजल्यावर लावतात तशी, कडा नीट दाबून.

"ही कधी लावलीस?"

"मी...?" त्याने मनगट उजेडाकडे नेलं. हॉटेलात कणीक येणार कुठून!

मी बोट लावून पाहिलं. ओली होती अजून. आणि मधोमध अंगठ्याचा ठसा. बारीक... बायकी.