कार्डाचे पाय

दसऱ्याच्या सकाळी आजोबांनी संगणक सुरू केला आणि पडद्यावर अक्षरे उमटली : 'आवाज-कार्ड सापडले नाही.'

मी संगणकाच्या उघड्या पेटीत डोकावले. आठ महिन्यांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये आजोबांचा आवाज गेला. तेव्हापासून ते पाटीवर लिहूनच बोलत. गेल्या आठवड्यात हे कार्ड आले. जुन्या व्हिडिओंवरून ते आजोबांचा आवाज शिकले होते. आजोबांनी टाइप केलेले वाक्य ते त्यांच्याच आवाजात बोलायचे. आईला अजून हे ठाऊक नव्हते. ती चंद्रावरच्या तळावर काम करते आणि महिन्यातून एकदा, दहाच मिनिटे फोन करते. तो फोन आज अकराला येणार होता.

"आजोबा, कार्ड तर आतच आहे! मग सापडत कसं नाही?"

मिरजेत चाळीस वर्षे रेडिओ दुरुस्त केलेले आजोबा असे घाबरतात थोडेच! त्यांनी पाटीवर लिहिले, 'शाल्मली, तू वर्गात आहेस, पण हजेरीला गप्प बसलीस, तर?'

"बाई गैरहजर मांडतील."

'संगणकही सुरू होताना प्रत्येक स्लॉटची (कार्ड बसवायच्या खाचेची) हजेरी घेतो. उत्तर नाही, तर त्याच्या लेखी कार्डच नाही.'

आजोबांनी संगणक बंद करून प्लग काढला. मग आम्ही दोघांनी पेटीच्या धातूला हात लावला, कारण अंगावरची स्थिर वीज (कपडे घासून साठणारी) कार्डाला सोसत नाही. कार्ड शेजारच्या खाचेत बसवून पाहिले. तरी गैरहजर! पुन्हा सगळे बंद करून पहिल्या खाचेत कॅमेऱ्याचे कार्ड बसवले. ते लगेच सापडले.

"म्हणजे खाच चांगली आहे. खोट कार्डातच!"

आजोबांनी कार्ड भिंगाखाली धरले. त्याच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात. त्या खाचेतल्या तारांना टेकल्या, तरच कार्डाचे उत्तर संगणकापर्यंत पोचते. त्या पट्ट्यांवर लालपिवळा थर वाळला होता.

माझे तोंड एवढेसे झाले. काल खंडेनवमीला आजोबांनी सगळी हत्यारे पुसून पाटावर मांडली होती, कार्डसुद्धा. पूजा मी केली होती.

"मी त्याच्या पायांना ओलं हळदकुंकू लावलं," मी रडत सांगितले. "त्यानं तुमचा आवाज परत आणला ना, म्हणून."

आजोबांचे खांदे गदगदा हलू लागले. ते हसत होते! त्यांनी कापसावर स्पिरिट घेऊन पट्ट्या हलकेच पुसल्या आणि खाचा ब्रशने झाडल्या. मी फुंकर मारायला वाकले, तर पाटी पुढे आली : 'नको, थुंकी उडते.' कार्ड टक्क आवाज करून घट्ट बसले. संगणकाने पुन्हा हजेरी घेतली. सापडले! अकराला पाच मिनिटे होती.

पडद्यावर आई आली. "बाबा, बरे आहात ना? पाटी दाखवा बघू."

आजोबांनी पाटी पालथी ठेवली आणि टाइप केले.

"सुमे, आज बोलूनच सांगतो."

चंद्रावर आपले बोलणे जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. त्या दिवशी खूपच जास्त लागले. आई डोळे पुसत होती.

"बाबा," ती म्हणाली, "परत एकदा 'सुमे' म्हणा ना."

दहाही मिनिटे आजोबा बोलत होते. पुढच्या खंडेनवमीला मी कुंकू कार्डाच्या कपाळाला लावणार आहे. पाया मात्र पडणारच!