चालती पोकळी

मॉलच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, जिथे ग्राहक कधी येत नसत, तिथे गर्दीशास्त्राची प्रयोगशाळा होती. भिंतभर पसरलेल्या पडद्यावर शहरातल्या घंटी बाजाराची लांब ओळ वरून दिसत होती. दोन्ही बाजूंना दुकानं आणि मध्ये चार माणसं जेमतेम शेजारी चालतील एवढी वाट. माणसांचे चेहरे दिसत नव्हते. बाजारावर बसवलेले छतनेत्र प्रत्येक माणसाचा फक्त एक ठिपका करत, आणि ते हजारो ठिपके पडद्यावर मुंग्यांसारखे सरकत राहत.

नागपुरातल्या जुन्या बाजारात माणूस कुठे थबकतो, कुठे वळतो, कशापाशी रेंगाळतो, हे मॉलच्या मालकांना हवं होतं. मॉल गारेगार होता, चकचकीत होता, गाडी लावायला जागा होती. तरी लोक साडीला अस्तर घ्यायला, कुकरची शिट्टी बदलायला आणि लग्नाचा बस्ता बांधायला घंटी बाजारातच जात. का जातात, ते शोधण्यासाठी डॉ. वृंदा निंभोरकरची नेमणूक झाली होती.

त्या दुपारी ती पडद्याकडे बघता बघता पुढे झुकली.

"सर, जरा इकडे येता?"

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. हेमंत वैरागडे चहाचा कप घेऊन आले. वृंदानं बोट ठेवलं. ठिपक्यांच्या दाटीत एक लांबट, रिकामी जागा होती. एक माणूस मावेल, त्याच्या भोवती हातभर मोकळं राहील, एवढी. ती जागा ओळीच्या एका टोकाकडून आत, मध्याकडे चालत होती. पुढचे ठिपके तिच्यासाठी बाजूला होत, ती पुढे गेली की मागून पुन्हा मिळत.

"छतनेत्र बिघडला असेल. एखादा माणूस टिपला जात नसेल," वैरागडे म्हणाले.

"मलाही तेच वाटलं होतं. म्हणून साधं चित्रीकरण मागवलं. तिथे कुणी नाही, सर. आणि ही रोज दुपारी येते. याच वेळी, याच बाजूनं."

वैरागडे खुर्ची ओढून बसले. बराच वेळ त्यांनी ते दृश्य पुढेमागे करून पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"महामार्गावरची भूतकोंडी आठवते? एखादा ट्रकवाला ब्रेक दाबतो आणि दोन मिनिटांत निघून जातो. पण मागचा थांबतो, त्याच्या मागचा थांबतो. तासाभरानं तिथे पोचलेल्या माणसाला कोंडी लागते आणि कारण मात्र सापडत नाही. कारण गेलेलं असतं, तरंग उरलेला असतो."

"पण तो तासाभरात विरतो. हा रोज नव्यानं उठतो."

"कारण इथे कुणीतरी वर्षानुवर्षं चाललं असणार, ज्याला वाट देणं भागच होतं. गर्दीत चालताना आपण समोर बघत नाही, वृंदा. पुढच्या माणसाचा खांदा बघतो. तो वळला की आपला वळतो. ओळीच्या तोंडाशी बसणाऱ्या जुन्या दुकानदारांना त्या वेळी बाजूला व्हायची सवय जडली असेल. ते सरकतात, त्यांना बघून गिऱ्हाईक सरकतं, त्याला बघून पुढचं. त्यातल्या बहुतेकांनी त्या व्यक्तीला कधी पाहिलेलंही नसेल."

"म्हणजे ही गर्दीची आठवण आहे."

"कुणा एकाच्या डोक्यात नसलेली आठवण," वैरागडे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वृंदा घंटी बाजारात गेली. तांब्याच्या भांड्यांची ठोकठोक, अत्तराचा आणि नव्या कापडाचा एकमेकांत मिसळलेला वास, "ताई, घेऊ नका, नुसतं पाहून तर जा!" असे पुकारे. ती ओळीच्या मध्यावर एका गाड्याशी उभी राहिली. गाड्यावर तर्री-पोहे, म्हणजे झणझणीत रश्श्यातले पोहे, मिळत होते. दुपार झाली तशी गर्दी किंचित हलली. समोरच्या बाईनं पिशवी छातीशी धरली, एका माणसानं अंग चोरलं, हसत बोलणाऱ्या दोन मुली बोलणं न थांबवता भिंतीला लागल्या. मधून काहीही गेलं नाही. फक्त खांदे वळले आणि पुन्हा सरळ झाले.

वृंदाच्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण माहीत असूनही आला.

"काका," तिनं गाड्यावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "इथून रोज दुपारी पूर्वी कोण जायचं?"

म्हाताऱ्याचा तर्री ढवळणारा डाव थांबला. "काहून विचारून राहिल्या?"

त्यांचं नाव दशरथ बावणे. वृंदानं आपण कोण, कुठली ते सांगितल्यावर त्यांनी तिला स्टुलावर बसवलं.

"माही बायको जायची. यमुना. घर त्या टोकाले, गाडा इथं. सकाळची तर्री दुपारपर्यंत संपे. मंग ती घरून दुसरं गंज, मोठं पातेलं, भरून आणे. डोक्यावर उकळती तर्री. आवाज नाही द्यायची, नुसती भराभरा चालायची. तिले पाहून लोकच सरकायचे. कोणाच्या अंगावर थेंब पडला नाही कधी." त्यांनी गाडा फडक्यानं पुसला. "चार वर्सं झाली तिले जाऊन."

वृंदानं त्यांना पोकळीबद्दल सांगितलं. सोप्या शब्दांत, हातवारे करत. सोबत आणलेल्या डिजिटल पाटीवर दृश्यही दाखवलं. दशरथजींनी चष्मा पुसला, पाटी जवळ घेतली. रिकामी जागा त्यांच्या गाड्यापर्यंत आली, क्षणभर थांबली आणि विरली.

"इथंच उतरवायची गंज," ते म्हणाले. मग फार हळू विचारलं, "म्हंजे ती हाय?"

"नाही, काका. त्या नाहीत. लोकांनी त्यांना दिलेली वाट तेवढी आहे."

"वाट तर वाट," दशरथजी म्हणाले.

त्या दिवसापासून ते दुपारी गाडा शेजारच्या बांगडीवाल्याच्या भरवशावर सोडून ओळीच्या टोकाला जाऊन तिथून पोकळीसोबत चालत येऊ लागले. वृंदानं त्यांना एकच गोष्ट बजावली होती: पोकळीत शिरायचं नाही. तिथे खरा माणूस शिरला की गर्दी त्या माणसाला वाट देईल आणि जुनी लय मोडेल. ते हातभर अंतर ठेवून डाव्या बाजूनं चालत.

"इतकी वर्सं ती चालली अन् मी गाड्यावर बसून राहिलो," त्यांनी वृंदाला सांगितलं. "सोबत चालाचं कधी जमलंच नाही. लग्नाच्या बस्त्याले तेवढं आलो होतो दोघं या ओळीत. तवाही ती पुढं, मी मागं."

वैरागड्यांना हे आवडलं नाही. "निरीक्षणात हात घालतेयस तू," ते म्हणाले. ते खरंच होतं. पण वृंदा त्या म्हाताऱ्याला थांबवू शकली नाही. दर आठवड्याला ती बाजारात जायची, पोहे खायची, दशरथजींना पाटीवर दृश्य दाखवायची. घरी आई गेल्यापासून तिनं कुणाबरोबर असं बसून काही खाल्लं नव्हतं, हे तिला तिथे लक्षात आलं.

सुरुवातीला दशरथजी मागे पडत. गुडघा धरलेला, आणि पोकळी तर उकळतं गंज डोक्यावर घेतल्यासारखी भराभर जाणारी. पण काही महिन्यांनी वृंदाला आकड्यांत वेगळंच दिसलं. पोकळीचा वेग उतरला होता. कारण उघड होतं: अरुंद ओळीत एक माणूस सावकाश चालला की त्याच्या आजूबाजूची गर्दीही सावकाश होते, आणि तरंग गर्दीच्या वेगानंच जातो.

हे ती सांगणार, तेवढ्यात दशरथजीच म्हणाले, "मॅडम, एक सांगू का? आताशा ती माह्यासाठी थांबते."

वृंदानं आकड्यांची पाटी बाजूला ठेवली. "हो, काका," ती म्हणाली. "मोजमापातही तसंच दिसतंय."

त्याच सुमारास बातमी आली. घंटी बाजाराची जागा विकली गेली होती. गाळेवाल्यांना मॉलच्या तळमजल्यावर जागा मिळणार होती. जुन्या बाजाराची मजा आणि मॉलची सोय एकाच छताखाली, अशी जाहिरात सुरूही झाली. वृंदाच्या अहवालानंच मालकांना पटवलं होतं की लोक वस्तूंसाठी नव्हे, तर या दुकानदारांसाठी तिथे येतात. तिनं ते अभिमानानं लिहिलं होतं.

"ओळच गेली तर ती कुठं जाईन?" दशरथजींनी विचारलं.

"वाट रस्त्यात नसते, काका. माणसांत असते. माणसं जातील तिथे जाईल."

सिद्धान्त म्हणून हे खरं होतं. पण मॉलची दालनं ऐसपैस होती. जिथे कुणी कुणाला खेटत नाही, तिथे वाट द्यायची गरज पडत नाही आणि तरंग दोन पावलांत विरतो. हे तिला माहीत होतं. ते तिनं सांगितलं नाही.

बातमीनंतर वर्षभरानं, उन्हाळ्यात, बाजार हलण्याआधीच दशरथजी गेले. दुपारच्या फेरीनंतर घरी जाऊन पडले ते उठले नाहीत. वृंदा गेली तेव्हा गाड्यावर ताडपत्री होती. बांगडीवाला म्हणाला, "सुखानं गेले जी. चेहऱ्यावर कायबी तरास नव्हता." ती त्या ताडपत्रीशी थोडा वेळ उभी राहिली. दुपार झाली, गर्दी हलू लागली, आणि ती न बघताच तिथून निघून आली. त्यानंतर तिनं घंटी बाजाराची चित्रं उघडली नाहीत. पावसाळ्यात ओळ पाडली गेली.

दिवाळीत मॉलच्या तळमजल्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. आकाशकंदील, फराळाची पाकिटं, सवलतीचे फलक. जुने गाळेवाले नव्या काचेच्या गाळ्यांबाहेर येऊन सवयीनं ओरडत होते. ऐसपैस दालन एवढं भरलं होतं की त्याचीच एक ओळ झाली होती.

वैरागडे मॉलच्या व्यवस्थापकाला वर प्रयोगशाळेत घेऊन आले. व्यवस्थापक वैतागला होता.

"दुपारी मधल्या दालनातून लोक एकदम दोन्हीकडे फाकतात. मध्ये मांडलेल्या दागिन्यांच्या मंचाला वळसा घालून जातात. विक्री पडते. हे काय आहे?"

पडदा उजळला. वृंदाला ते बघायला क्षणही लागला नाही. ती पोकळी होती. मॉलमध्ये आली होती.

"पण ही रुंद झालीय," वैरागडे म्हणाले. "गर्दी जास्त म्हणून असेल."

"रुंद नाही, सर," वृंदा म्हणाली. तिनं दृश्य मोठं केलं. दोन रिकाम्या जागा होत्या, मध्ये हातभर अंतर. त्या अंतरातून एकही ठिपका जात नव्हता. डावीकडची जागा जरा हेलकावत होती, एका पायावर भार टाळल्यासारखी. उजवीकडची तिच्या बरोबरीनं सावकाश चालली होती.

वैरागडे पडद्याशी वाकले. त्यांनाही समजलं. जो माणूस दीड वर्ष रोज त्याच वेळी त्याच वाटेनं चालला, त्यालाही गर्दीनं वाट दिली होती. दुसरं काही होणं शक्यच नव्हतं.

"हे बंद कसं करायचं?" व्यवस्थापकानं विचारलं.

"सोपं आहे," वैरागडे जमिनीकडे बघत म्हणाले. "मध्ये एक माणूस उभा करायचा. चार-पाच दिवस. लय मोडेल."

"मग सुरक्षारक्षक पाठवतो."

"नको," वृंदा म्हणाली. "मी जाते."

ती खाली उतरली. दागिन्यांच्या मंचासमोर, दालनाच्या बरोबर मध्यावर जाऊन उभी राहिली. लोकांचे धक्के बसत होते. कुणाची पिशवी लागली, कुणी "सॉरी, ताई" म्हणालं. तिनं पाय रोवले. हा तरंग आहे, तिनं स्वतःला सांगितलं. खांद्यांचा तरंग. मी फक्त उभं राहायचं आहे.

पलीकडे जुना बांगडीवाला गाळ्याबाहेर आला होता. बोलता बोलता त्यानं आपली टोपली आत ओढली. त्याच्यापुढची बाई वळली. मग एक तरुण. मग लहान मुलाला कडेवर घेतलेला माणूस. तिच्या दिशेनं गर्दी उलगडत येऊ लागली. सगळे आपापल्या बोलण्यात, आपल्या दिवाळीत. कुणाला काही माहीत नव्हतं. समोरच्या मुलीचा खांदा फिरला आणि वृंदापुढे मोकळी फरशी आली.

ती हलली नाही. निदान तिला तसं वाटलं.

मग तिच्या पाठीला मंचाची काच लागली. ती बाजूला झाली होती. कधी झाली, ते तिला कळलं नव्हतं. समोरून मोकळी जागा सावकाश पुढे गेली, दोन माणसांएवढी, आणि मागून गर्दी मिळाली. वरच्या मजल्यावर दोघं पडदा बघत असतील, त्यांना काय सांगायचं, ते तिला सुचेना. आपण चुकून सरकलो की मुद्दाम, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दालनाच्या टोकाला सरकता जिना होता. त्याच्या तोंडाशी रेटारेटी चालली होती. एक क्षण पुढचे लोक थबकले, मागच्यांना उगाचच थोपवून धरलं. मग पुन्हा चढू लागले.

मधली एक पायरी रिकामीच वर गेली.