मधल्या सोंडेवरचा नर

काल रात्री कोणीतरी सरकारी रानात दिवा मारून गोळी झाडली. कोणी, ते मी विचारत नाही. आवाज मी ऐकला, एवढं पुरे. परवान्यावर काय लिहिलंय ते वाचता येतं ना सगळ्यांना? अंधार पडला की बंदूक खाली. तुम्हाला वाटतं, कचेरीत बसून कोणीतरी उगाच लिहिलंय. मोको, ते लाकूड आत सरकव आणि ऐक.

मानिहेराला तुम्ही पाहिलंय. लाकडाच्या गिरणीतला, फारसा बोलत नाही तो. त्याची मावशी वारली त्या एप्रिलातली गोष्ट. दुसरा शुक्रवार. मावशीला मराएवर, आपल्या सभाघराच्या अंगणात, ठेवलेलं, शनिवारी माती द्यायची, आणि रोटोरुआहून माणसं येतच होती. स्वयंपाकघरातून निरोप आला, मांस पुरणार नाही. मानिहेरा म्हणाला, मी हरीण आणतो. त्याचा धाकटा भाऊ तुरोआ म्हणाला, तू बस हरणाची वाट बघत, मी कुत्रा घेऊन जातो आणि बटाटे सोलून व्हायच्या आत डुक्कर आणतो. असं एकमेकांना चिडवत दोघे दोन वाटांनी निघाले. तुरोआ खालच्या ओढ्याने, मानिहेरा डोंगराच्या मधल्या सोंडेने.

त्या सोंडेवरच त्यांचा बाप गेला. एप्रिलात नर माजावर येतात, रानभर डुरकतात. आपण शिंगातून तसंच डुरकतो, मग नर चिडून समोर येतो. बापाला शिंग लागत नसे. रुंद बोटं तोंडाभोवती धरून नुसत्या घशातून डुरकायचा, आणि इतकं हुबेहूब, की पलीकडच्या दोस्ताने आवाजावरच गोळी घातली.

मानिहेरा वर पोचला तेव्हा उजेड जात होता. त्याने शिंग तोंडाला लावलं. खालून उत्तर आलं. चांगला मोठा नर, जवळच. रिकाम्या हातांनी परतायचं त्याच्या जिवावर आलं होतं. आई गेल्यावर मावशीनेच दोघांना वाढवलेलं. भाऊ याच रानात आहे हे त्याला ठाऊक होतं. पण तो खाली, ओढ्याला, असं तो धरून चालला. बघा, माणसं अशीच मरतात. धरून चालल्याने.

अंधार पडला. थांबायला हवं होतं. थांबला नाही. त्याने दिवा काढला.

डुरकणं जवळ आलं. आणखी जवळ. मग बंद...

समोर नेच्यात काहीतरी हललं. त्याने दिवा मारला. दोन डोळे. हिरवे. स्थिर.

बोट घोड्यावर गेलं.

आणि नळी खाली गेली.

त्याने नेली नाही. कोणीतरी वरून दाबली. सावकाश. पोराच्या हातातली बंदूक मोठं माणूस खाली करतं ना, तशी.

त्याला मान वळवता येईना. कानामागे श्वास चालला होता... त्याचा नव्हता. मग गालावरून काहीतरी फिरलं. गार. ओलं.

नेच्यातून आवाज आला, "दादा, डोळ्यांवरून दिवा काढ."

ते डोळे कुत्र्याचे होते. कुत्र्याला कवेत धरून तुरोआ गुडघ्यांवर बसला होता. त्याची छाती बरोबर त्या डोळ्यांच्या मागे.

मानिहेराने दिवा जमिनीकडे वळवला आणि विचारलं, तू डुरकत कशाला होतास.

"मी?" तुरोआ म्हणाला. "माझ्याकडे शिंग कुठंय? मी तर त्या नराच्या मागे आलो. तो तुझ्या नि माझ्या मधे होता."

मधे काही नव्हतं. नेचे उभे होते. एकही मोडलेला नाही. कुत्रा पाय पुढे टाकेना...

ते उतरले. एकही गोळी झाडली नव्हती.

स्वयंपाकघराच्या दारात दिव्याखाली पाहुण्यांतली एक बाई बटाटे सोलत बसली होती. दूरची, या दोघांना न ओळखणारी. पहिल्या हरणाचं रक्त घरातलं मोठं माणूस पोराच्या गालाला लावतं. तुमच्याही गालांना मीच लावलंय. ती बाईही तेच समजली. तिने मानिहेराच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसली.

"पहिलं हरीण वाटतं? उशीर केलास बाबा, पण झालं एकदाचं. लावणाऱ्याची बोटं मात्र केवढी रुंद आहेत रे."