न सुजलेली जखम

"आत्याबाईंच्या पायाला मीच काहीतरी वाईट लावलं, असं हे म्हणतात. उद्या मला माहेरी पिशोरला धाडणार." श्रेयानं मान वर न करता सांगितलं.

हे ऐकून खासगी तपास करणाऱ्या रत्नमालाताई तडक निघाल्या. सोबत त्यांचे साहाय्यक मोतीराम. सिडकोतलं घर येईपर्यंत मोतीरामचं मत पक्कं झालं होतं. काम सुनेचंच!

श्रेयाच्या सासू, म्हणजे आत्याबाई मनकर्णाबाई, खाटेवर होत्या. तळपायात काटा मोडलेला. जखम काळवंडलेली, पण ना सूज, ना लाली, ना पू.

"रक्त तपासलं, त्यात पांढऱ्या पेशी लई वाढल्यात म्हणं," म्हातारी म्हणाली.

"आणि गुडघे? या वयात दुखत असतील," ताईंनी विचारलं.

"ते झ्याक! माझ्या बद्रीच्या पुडीनं सूज पार उतरली. कन्नडच्या बाजारात त्यो पुड्या विकतो, तवा लोकांपुढं चालून दाखवते की मी!"

"पुडी कोण बांधतं?"

"त्यो एकटाच. सुनेला शिवू देत नाय."

श्रेया म्हणाली, "मी फक्त जखम धुऊन मलम लावते."

मोतीरामनं तिच्याकडं डोळे वटारले.

इतक्यात मुलगा बद्रीनाथ कंबर धरून आला. "शुद्ध जडीबुटी आहे, ताई."

"मग कंबरेसाठी तुम्ही का घेत नाही?"

"मला... मानवत नाही."

रत्नमालाताईंनी सगळ्यांना बसवलं. "मोतीराम, काटा रुतला की पाय का सुजतो?"

"विष चढतं."

"नाही हो. रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं. जखमेची वर्दी आली की त्या पेशी जणू आकडे बाहेर काढतात. वाहत्या पांढऱ्या पेशी त्यांना अडकतात, गडगडत थांबतात आणि अस्तरातून बाहेर पडून जंतूंवर तुटून पडतात. त्यातूनच सूज येते, पू होतो. इथं त्या रक्तातच गर्दी करून फिरताहेत; जखमेत कुणी उतरत नाही. आकडेच दबलेत. स्टेरॉइडनं असं होतं. तळपायाच्या मलमानं गुडघ्यांची सूज उतरत नाही. दोन्हीकडची सूज पोटातल्या औषधानं गेली. पुडीत काय आहे हे ज्याला ठाऊक, तो ती स्वतः घेत नाही."

बद्रीनाथनं खिशातली पुडी काढून पुढं ठेवली. "गोळ्या कुटून घालत होतो. गिऱ्हाईक वाढत गेलं..."

मोतीरामला श्रेयाकडं बघवेना.

"पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं," ताई म्हणाल्या. "आधी डॉक्टरांना सगळं सांगा."

म्हातारीनं पदर तोंडावर ओढला. "माझे पाय बघून लोकांनी पुड्या नेल्या रे! आता त्यांच्यापुढं कोणत्या तोंडानं जाऊ?"

श्रेया पुढं झाली. "आत्याबाई, दवाखान्यात चला. हात द्या."

ज्या सुनेला उद्या माहेरी धाडायचं ठरलं होतं, तिचाच हात समोर होता. म्हातारीची तो धरायची छाती होईना.