विचारलं तरच सांगा

"स्वतःसाठी घेताय? मग नाही मिळायचे."

आईच्या मोज्यांच्या दुकानात शूयाओनं लाल जोड त्याच्या हातातून काढून घेतला. यांगझौमध्ये त्या दिवशी बारीक, गारठवणारी भुरभुर चालू होती. समोरच्या चष्म्याच्या दुकानात नवीन लागलेला हा जिंगशान, स्वतःच्याच चष्म्याची काच पुसत नुसता उभा राहिला.

"सशाच्या वर्षात जन्मलेले ना तुम्ही? बारा वर्षांनी आपलं वर्ष फिरून येतं, ते जड जातं, म्हणून अंगावर लाल हवं. पण ते दुसऱ्यानं द्यायचं असतं. आपलं आपण घेतलं तर पीडा टळत नाही."

"मला इथं... द्यायला कोणी नाही."

तिनं तोच जोड पिशवीत घालून त्याच्या हातात दिला. "घ्या. मी दिला."

तो कानापर्यंत लाल झाला, आणि तिथंच आमच्या शूयाओचा जीव जडला.

मग वर्षभर पाऊस आला की तो समोरून आडोशाला यायचा. स्वतःच्या दुकानाला चांगलं छप्पर असताना! स्वभावानं अस्सल ससा. गिऱ्हाईक अंगावर आलं तरी हसणार, भांडण दिसलं की गल्ली बदलणार, ओली छत्री घडी मोडू न देता मिटणार, आणि मनातलं विचाराल तर मूग गिळून गप्प.

"तुम्हा सशांना नाही म्हणता येत नाही, ठाऊक आहे," ती चिडवायची. "पण हो तरी म्हणता येतं का रे?"

"कशाला?"

"आधी म्हण तर."

तो चष्मा पुसायला लागायचा.

आई बजावायची, "ससा बिळाजवळचं गवत खात नसतो, शेजारच्या मुलीत जीव गुंतवत नसतो. त्यात तू ड्रॅगनच्या वर्षातली. ड्रॅगन दिसला की ससा ढगात पळतो, जुनी माणसं उगीच नाही म्हणत."

आणि पळालाच. थंडीत त्याची सूझौला बदली झाली. शेवटच्या दिवशी दारात येऊन कितीतरी वेळ घुटमळला, आणि विचारलं काय, तर... "काकू आहेत का?"

"आत आहे," म्हणून शूयाओ पाय आपटत माळ्यावर गेली. खाली आली तोवर तो गेला होता.

आता नवं वर्ष तोंडावर आलं होतं, तेही ड्रॅगनचं, म्हणजे तिचं. आई रोज एकच लाल मोज्यांचा जोड तिच्यापुढे ठेवायची आणि ती रोज तो बाजूला सारायची. तिला लाल हवं होतं ते त्याच्याकडून. पोस्टमनची चाहूल लागली की जीव नुसता दारात जायचा.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी, मासा तळता तळता आईचा धीर सुटला.

"रात्री वर्ष लागेल आणि तुझ्या अंगावर लाल सूत नाही. अगं, कोणी दिलेत ते तरी विचार."

"तूच. दुसरं कोण?"

"मी नाही. तो गेला त्या दिवशी घेऊन ठेवून गेला. म्हणाला, तिनं विचारलं तरच नाव सांगा."

"आणि तू इतके दिवस गप्प बसलीस?"

"तू विचारलंस कधी?" आईनं गॅस बारीक केला. "ससा आणि ड्रॅगन, मला नकोच होतं. पण लाल न घालता तुझं वर्ष लागणं त्याहून नको."

शूयाओनं तिथंच पाटावर बसून मोजे चढवले आणि फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"मोजे मिळाले. कोणी दिले, ते विचारायचंय."

पलीकडे चष्मा पुसत असणार. एरवी तिला दया आली असती आणि तिनं स्वतःच बोलून टाकलं असतं. आज ती थांबली.

"...मी दिले."

"का?"

"वर्षभर तुला काही होऊ नये म्हणून. आणि... तू मला फार आवडतेस म्हणून."

"हे कधी सांगणार होतास?"

"तू विचारल्यावर."

तिनं लाल मोज्यांतले पाय पोटाशी ओढून घेतले. आणि मग, कोणी काही न विचारताच, जिंगशान म्हणाला, "परवा सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय. येतोय."