एंग्रासियाचा शब्द

ढोंगी... एवढा एकच शब्द उच्चारायचा होता! तेवढ्यानं भावाचं वाटोळं होणार होतं, आणि एंग्रासियाच्या होरपळलेल्या काळजाला थंडावा मिळणार होता.

आईबापांमागे कासिमिरोनं या जन्मांध बहिणीला स्पेनमधल्या कादिसच्या चर्चच्या पायरीवर भीक मागायला बसवलं. तेवढ्यानं भागेना म्हणून काळा चष्मा लावून स्वतःही आंधळा बनून शेजारी बसला! तिला मागणी घालायला आलेल्या आंधळ्या फेर्मिनला त्यानं उंबऱ्यावरूनच हाकललं... फेर्मिन परगावी गेला तो गेलाच. पुढे आंधळ्यांनीच एकत्र येऊन संघटना उभारली, लॉटरीची रोजची सोडत सुरू केली, तिकिटं फक्त आंधळ्यांनीच विकायची असं ठरवलं, आणि छातीवर तिकिटं टाचून एंग्रासिया मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर ताठ मानेनं उभी राहिली. त्या दिवसापासून तिनं भावाचं नाव टाकलं होतं.

आता तोच कासिमिरो, दृष्टी गेली म्हणून, संघटनेच्या दारात आला होता. पण त्याचं जुनं सोंग गावभर ठाऊक, आणि डॉक्टरही छातीठोकपणे काही सांगेना. शाखाप्रमुख निकोमेदेस म्हणाले, बहिणीचा शब्द अखेरचा. ती नाही म्हणाली तर याला तिकिटं नाहीत. मग बसू दे मेल्याला पुन्हा पायरीवर! एंग्रासियाच्या मनात आलं.

संतापानं तिला कचेरीतल्या वेताच्या खुर्चीत बसवेना, म्हणून ती मुकाट्यानं खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. निकोमेदेसच्या हाकेवर कासिमिरो आत आला, अडखळला, गुडघे टेकून रडू लागला.

"एंग्रासिया, तुझा संसार मी मोडला गं... फेर्मिनला हाकललं ते तुझ्या काळजीनं नाही, माझ्या पोटासाठी. बोल ना काहीतरी. शिव्या दे हवं तर."

किती गोड लागले तिला ते हुंदके! ऐकत राहावं, नुसतं ऐकतच राहावं... आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं, आवाज तिच्याकडे येतच नव्हता. ती खुर्चीतच बसली आहे असं समजून तो रिकाम्या खुर्चीची विनवणी करत होता. तिचा हात समजून खुर्चीचा दांडा कुरवाळत होता, आणि वेत कुरकुरत होता.

ओठांवर आलेला शब्द तिनं गिळला.

"निकोमेदेसकाका, हा खरंच आंधळा आहे," ती कशीबशी म्हणाली. "दादा, मी इकडे आहे रे... खिडकीपाशी."

तो चाचपडत आला आणि त्यानं तिचे पाय धरले. तिचेही डोळे वाहत होते, पण तिनं पाय मागे घेतले.

"माफ नाही केलं मी तुला. करीन की नाही, तेही ठाऊक नाही. उद्या सकाळी बाजारात ये, माझ्या शेजारी उभा राहा आणि तिकिटं विकायला शीक. आणि दादा, तो भीक मागायचा रडका सूर माझ्या कोपऱ्यावर चालणार नाही."